फोडणं सोपं, दळणं महाग

सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपास हळदीच्या गिरण्या सुरू असल्या की वारा वळेल तिकडं वास जातो. बाहेरून आलेले पाहुणे रस्त्यात थांबून छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, "काय अस्सल माल आहे बघा!" मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दळायची यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळं माझ्या डोक्यात तिथं वेगळाच हिशेब सुरू होतो. हळदीचा वास असतो तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा. ते तेल गल्लीत दरवळतंय म्हणजे पुडीतून गेलं. पाहुणा ज्याला अस्सल म्हणतोय ती गिरणीवाल्याची घट आहे.

तेल उडतं उष्णतेनं आणि ती उष्णता येते विजेच्या मीटरमधून. म्हणजे गिरणीवाला महावितरणला पैसे मोजून स्वतःच्या हळदीचा वास घालवतो. हे असं का, ते कळायचं तर घट्ट वस्तू फुटते कशी, इथून सुरुवात करावी लागते.

आपल्या भाषेनं यातलं अर्धं काम आधीच करून ठेवलंय. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वस्तू बारीक करायच्या चार रीती दिलेल्या असतात: दाबून, आपटून, घासून आणि कापून. आमच्या आजीकडं या चारांसाठी डझनभर क्रियापदं होती. नारळ फोडायचा, लसूण ठेचायचा, शेंगदाणे कुटायचे, भात कांडायचा, डाळ भरडायची, ज्वारी दळायची, खोबरं वाटायचं, चंदन उगाळायचं, भाजी चिरायची, गाजर किसायचं. एकाच्या जागी दुसरं तिनं कधी वापरलं नाही. 'ज्वारी कांडून आण' किंवा 'चंदन दळ' असं म्हटलं तर लहान पोरही हसेल. प्रत्येक शब्दात हत्यार कुठलं, जोर कसा पडतो आणि माल किती बारीक झाला की थांबायचं, हे तिन्ही आलेलं असतं. भरडणं आणि दळणं बघा. जातं एकच. पण भरडताना दाण्याची फक्त डाळ व्हायला हवी, पीठ पडलं तर ते नुकसान. दळताना उलट, कणी राहिली तर भाकरी थापताना फाटते.

कारखान्यातली अवाढव्य यंत्रंही याच शब्दांवर उभी आहेत. फक्त नावं इंग्रजी आहेत म्हणून बिचकायला होतं.

खडीच्या क्रशरवर जा. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थंड होऊन बनलेला, चिवट. खाणीतून टिप्पर भरून येणारे दगड टीव्हीएवढे असतात. ते पहिल्यांदा पडतात जॉ क्रशरमध्ये. जॉ म्हणजे जबडा, आणि तो खरोखर जबडाच आहे: पोलादाची एक उभी दाढ स्थिर, दुसरी तिच्याकडं येते-जाते. वर तोंड मोठं, खाली निमुळतं. दगड दाबला जातो, तडकतो, तुकडा खाली सरकतो, पुन्हा दाबला जातो, आणि तळाच्या फटीतून मावेल एवढा झाला की बाहेर पडतो. ही रचना अमेरिकेतल्या एली व्हिटनी ब्लेक या गृहस्थाची. त्याच्याकडं रस्ता बांधायचं काम आलं होतं, आणि खडी हातानं फोडण्यात किती वेळ जातो ते बघून त्यानं हे यंत्र बसवलं. १८५८ साली पेटंट मिळालं. आजही क्रशरवर पहिला घास घेतो तो त्याच जबड्याचा वंशज.

या जबड्याचा कोन फार मोलाचा. आंब्याची ओली बाठ चिमटीत दाबली तर सटकन उडते, तसंच इथंही होतं. दोन दाढांमधला कोन जास्त झाला की दगड फुटायच्या ऐवजी वर उडी मारतो. म्हणून जबडा उंच आणि कोन लहान ठेवतात. दुसरी एक गोष्ट मला या यंत्रात मनापासून आवडते. हलणाऱ्या दाढेमागं टॉगल प्लेट नावाची एक पट्टी असते, ती मुद्दाम कमजोर ठेवलेली. दगडाबरोबर पोकलेनचा एखादा लोखंडी दात आत गेला तर जबडा तो फोडू शकत नाही, तेव्हा ही पट्टी मोडते आणि बाकीचं यंत्र वाचतं. घरातल्या फ्यूजसारखी. एका खडीवाल्यानं पट्टी सारखी मोडते म्हणून वैतागून दुप्पट जाडीची बसवली होती. पुढच्या खेपेला पट्टी शाबूत राहिली आणि शाफ्ट वाकला.

जबड्यातून निघालेला माल पुढं कोन क्रशरमध्ये जातो, म्हणजे पोलादी टोपीखाली फिरणारा शंकू, जो दगडाला कडेकडेनं रगडत नेतो. त्यातून पाऊण इंची, अर्धा इंची खडी निघते. घरबांधणीला हल्ली सगळे क्रश सँड मागतात. ती करायची तर दगड जोरात भिरकावून दगडावरच आपटतात, त्यामुळं कण चपटे न राहता जरा गोलसर होतात. चपट्या कणांचं काँक्रीट नीट बसत नाही, मध्ये पोकळ्या राहतात.

इथवर स्वस्ताई आहे. आता महागाईकडं येऊ.

पाथरवट दगडावर छिन्नी ठेवण्याआधी तो फिरवून बघतो, हातोडीनं टकटक करतो. तो शीर शोधत असतो. दगड त्याच्या सर्वांत दुबळ्या रेषेवर फुटतो, हे त्याला पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. शास्त्रात हीच गोष्ट १९२० च्या सुमारास ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काचेवर प्रयोग करून मांडली. काचेचा जाड दांडा हिशेबापेक्षा खूपच लवकर तुटतो आणि केसासारखा बारीक धागा मात्र आश्चर्य वाटावं इतका ताण सहन करतो. कारण तडे. प्रत्येक वस्तूत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, ताण त्या चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून ती फाटत जाते. मोठ्या दगडात अशा चिरा भरपूर. तो फुटतो तेव्हा मोठ्या चिरा संपतात. तुकड्यांत उरतात त्याहून लहान चिरा. ते तुकडे फोडले की त्याहून लहान. म्हणजे जसजसं बारीक करत जाल तसतसा समोरचा कण अधिक निरोगी, अधिक घट्ट होत जातो. दुबळी बाजू आधीच फुटून गेलेली असते.

शिवाय पृष्ठभागही वाढतो. एक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक-एक मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर ६०. सिमेंटासारखं दहा मायक्रॉनपर्यंत नेलं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, तर ६,०००. साखरेच्या गाठीएवढा तुकडा आता साधारण कॅरमबोर्डाएवढा पसरला! हा सगळा पृष्ठभाग नवा उघडायचा, म्हणजे आतली पकड तोडायची, आणि त्याची किंमत लागते.

ही किंमत मोजायचे प्रयत्न जुने आहेत. १८६७ मध्ये रिटिंगर म्हणाला, ऊर्जा नव्या पृष्ठभागाच्या प्रमाणात लागते. १८८५ मध्ये किक म्हणाला, तसं नाही, किती पट लहान केलं त्यावर ठरते. दोघांचे पक्ष घेऊन लोक बराच काळ भांडले. १९५२ मध्ये फ्रेड बाँड या अमेरिकन माणसानं मधली वाट काढली, आणि ढोबळ हिशेबाला आजही तीच वापरतात. त्यानं प्रत्येक दगडाला एक आकडा दिला: जेवढा आकडा मोठा तेवढा तो दळायला चिवट. चुनखडीला साधारण १२, सिमेंटच्या क्लिंकरला, म्हणजे भट्टीतून निघालेल्या न दळलेल्या गोळ्यांना, साडेतेरा, आणि आपल्या बेसॉल्टला २० च्या वर. जिप्समला जेमतेम ८.

बाँडच्या सूत्रानं आपल्या काळ्या दगडाचा हिशेब करून बघू. एक टन दगड अर्ध्या मीटरवरून २० मिलिमीटरच्या खडीपर्यंत आणायला सव्वा युनिटाच्या आसपास वीज लागते. आकार पंचविसाव्या भागावर आला. त्याच खडीचा पुन्हा पंचविसावा भाग करायचा, म्हणजे पाऊण-एक मिलिमीटरची जाड वाळू. आता साडेसहा युनिट. आणखी एकदा पंचविसावा भाग, म्हणजे बोटाला पिठासारखी लागणारी भुकटी. आता बत्तीस युनिट. दर पायरीला तेवढंच 'लहान' केलं, पण खर्च पाचपट होत गेला. हा झाला फोडण्यापुरता हिशेब, बेल्ट, पंखे, चाळण्या वेगळ्याच. गिऱ्हाईक सहज म्हणतं, "अजून जरा बारीक करा की." ते 'जरा' बिलात जरा नसतं.

आणि यातली खरोखर फोडायला किती जाते? भुकटी करणाऱ्या यंत्रांत शंभरातला एखाद-दुसरा हिस्सा नवा पृष्ठभाग उघडायला वापरला जातो, असं म्हणतात. बाकीची जवळजवळ सगळी जाते उष्णतेत आणि आवाजात. पल्व्हरायझरच्या, म्हणजे पूड करणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी हात धरला की पटतं. हळकुंड आत जाताना गार असतं, पूड पिशवीत पडते ती ताज्या भाकरीएवढी ऊन.

पल्व्हरायझर हे आपटणाऱ्या जातीचं यंत्र. मधे गरगर फिरणारा रोटर, त्यावर फटके मारणारे पोलादी बीटर, भोवती भोकांची जाळी. अर्धा मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर बीटरचं टोक ताशी २८० किलोमीटरनं पळत असतं. वरून पडलेल्या हळकुंडाला ते पहिल्याच फटक्यात फोडतं. वाळलेली हळद दगडासारखी टणक असते, म्हणून ती आधी दुसऱ्या यंत्रात जाडसर फोडून घेतात. पण लहान कणांची गंमत अशी की ते हलके असतात, वाऱ्याबरोबर बीटरच्या पुढंपुढं पळतात, फटका चुकवतात. मग जाळीतून निसटेपर्यंत आतल्या आत घासत राहतात. ते घासणं म्हणजे निव्वळ उष्णता.

आमच्या भागातल्या बायकांना हे सूत्राशिवाय कळतं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची वेळ आली की त्या मिरच्या पिठाच्या गिरणीत देत नाहीत, कांडपावर नेतात. कांडप यंत्र म्हणजे यांत्रिक उखळ-मुसळ: लोखंडी मुसळं वर उचलली जातात आणि आपल्या वजनानं खाली पडतात. वेळ लागतो. मागं एकदा कांडपावर रांगेत बसलेल्या मावशींना मी विचारलं होतं, एवढा वेळ कशाला घालवता म्हणून. "गिरणीवर दिली तर करपल्यागत हुतीया बघा," मावशी म्हणाल्या, "रंग उतरतोय, वास ऱ्हात न्हाई." हात पुढं करून त्यांनी मला कांडलेली चटणी दाखवली. कोमट होती, तेल सुटून थोडी गुठळ्यांची झाली होती. मुसळाच्या दोन फटक्यांमध्ये मिरचीला थंड व्हायला सवड मिळते, हे सगळं मर्म आहे. मोठ्या कारखान्यांत हेच साधायला द्रवरूप नायट्रोजन सोडतात. तो उणे १९६ अंशाचा असतो, मसाला गोठून काचेसारखा ठिसूळ होतो, फुटतोही पटकन आणि तेलही जागेवर राहतं. पण तो खर्च सगळ्यांना परवडत नाही. सांगलीतले बरेच जण दुहेरी भिंतीत पाणी फिरवतात, माल दोन फेऱ्यांत काढतात, किंवा सरळ पहाटे दळतात.

ठिसूळपणावरून ओलावा आला. फुटायला वस्तू कोरडी हवी. बोटानं वाकवल्यावर हळकुंड कट्कन मोडलं पाहिजे. किंचित ओलं राहिलं तर ते फटका पचवतं, चेपतं, जाळीच्या भोकांत चिखलासारखं बसतं. जाळी बुजली की माल बाहेर पडत नाही, आत घासत बसतो, तापतो, आणि मग ती पूड तपकिरीकडं झुकते. पावसाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या यंत्राच्या नसतातच.

आता एक गोष्ट सांगतो, जी शिकायला मला फार वर्षं लागली. दळण्यातली सगळ्यात मोठी बचत दळण्यात नाही, चाळण्यात आहे. जो कण हवा तेवढा बारीक झालाय तो तिथंच काढून घ्यायचा. नाही काढला तर तो आत राहून वीज खातो, जास्तच बारीक होतो आणि जाड कणांना फटक्यांपासून वाचवायला मध्ये गादीसारखा येतो. आजी कुटता कुटता थांबून चाळायची, चाळणीवरचं उरलेलं पुन्हा उखळात टाकायची. सिमेंटच्या कारखान्यात हेच चाळणीऐवजी वाऱ्यानं करतात: बारीक कण हवा उचलून नेते, जड कण मागं पडून परत दळायला जातो. खळ्यावर उफणणी करताना भूस पुढं आणि धान्य खाली पडतं, तेच. चाळणीचा 'मेश' म्हणजे एका इंचात किती भोकं. ६० मेशचं भोक पाव मिलिमीटर, २०० मेशचं ७५ मायक्रॉन. हळद साठच्या आसपास पुरते, त्यापुढं नेऊन डब्यात काही फरक पडत नाही, फक्त वास जातो.

सिमेंट, रंग, चिनी मातीचा लगदा असल्या फार बारीक कामाला बॉल मिल लागते. आडवं फिरणारं पिंप, आत पोलादाचे किंवा चिनी मातीचे गोळे. पिंप फिरलं की गोळे भिंतीबरोबर वर चढतात आणि मालावर कोसळतात. इथं वेगाची मर्यादा आहे. पाण्याची बादली जोरात गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तसं पिंप फार वेगानं फिरलं तर गोळे भिंतीलाच चिकटून फिरत राहतात आणि दळण शून्य. दोन मीटरच्या पिंपात ही वेळ मिनिटाला तीस फेऱ्यांना येते. म्हणून वीस-बावीसवर ठेवतात. हळद पॉलिशचा ड्रम ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. तोही सावकाशच फिरतो, हळकुंडं एकमेकांवर पडून साल घासली जाते.

सगळंच दळून पीठ करायचं असतं असंही नाही. साखर कारखान्यात ऊस आधी फिरत्या सुऱ्यांनी तुटतो, मग श्रेडरमध्ये पिंजला जातो, आणि नंतर एकामागून एक रोलरांच्या मिलमधून पिळला जातो. त्या पिंजण्याचा हेतू एकच, उसाच्या पेशी उघड्या करणं. पेशी बंद राहिली तर वरून कितीही टनांचा दाब द्या, साखर बगॅसबरोबर, म्हणजे उसाच्या चोथ्याबरोबर, बॉयलरमध्ये जळते. कापण्याच्या जातीचं आमच्या जिल्ह्याला जवळचं यंत्र म्हणजे कडबा कटर. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या मालात लोखंडी नांगराबरोबर तेही होतं. पुढं १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कडब्याला कुटून उपयोग नाही, त्याचे धागे चेपतील पण तुटणार नाहीत. धाग्याच्या वस्तूला धारच लागते.

मघाशी पृष्ठभागाचं बोललो, त्याला एक भीतीदायक बाजू आहे. लाकडाचा ओंडका काडीनं पेटत नाही, भुसा पेटतो, आणि तोच भुसा हवेत उडालेला असला तर भडका उडतो. पीठ, साखर, मसाला, सगळ्याला हे लागू. २ मे १८७८ ला अमेरिकेत मिनियापोलिसला एका प्रचंड पीठगिरणीत हवेतल्या पिठानं पेट घेतला आणि १८ माणसं गेली. २००८ मध्ये तिथल्याच जॉर्जिया राज्यातल्या साखर कारखान्यात १४. म्हणून तुळईवर, पंख्यावर, ट्यूबलाइटवर बोटभर थर साचलेली गिरणी दिसली की मी आधी झाडू मागतो, पाना नंतर. आणि तोंडाशी चुंबक हवाच. एखादा नट आत गेला तर बीटर मोडतो ते वेगळं, ठिणगी पडते ते वेगळं. खडीच्या धुळीचं दुखणं आणखी निराळं, ती पेटत नाही पण फुप्फुसात बसते. पाणी मारून, खडी वाहून नेणाऱ्या बेल्टवर झाकण घालून ती दाबावी लागते, आणि हे काम सगळ्यांत आधी टाळलं जातं, हेही बघितलंय.

आपल्या जुन्या माणसांनी मात्र पृष्ठभागाचं गणित उलट्या बाजूनं वापरलं होतं. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या खोल कोठारांत, हळद साठवायचे ती अख्खी हळकुंडं. वर्षानुवर्षं टिकायची. पूड करून कुणी पेवात टाकली नाही, कारण पूड म्हणजे सगळीकडून उघडी हळद, काही महिन्यांत फिकी पडणारी. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्यानं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आता माल गोदामात, शीतगृहात असतो. पण विकायच्या जवळ आल्यावरच दळायची रीत तीच.

गेल्या वर्षी एका गिरणीत गेलो होतो. तक्रार अशी की बिल वाढलंय आणि पूड काळपट येतेय. यंत्र उघडलं. बीटरच्या कडा झिजून बोटासारख्या गोल झालेल्या, म्हणजे फटका जाऊन नुसतं ढकलणं उरलेलं. जात्याला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं दगड पुन्हा खडबडीत करायचा, राहून गेला तर दाणा तुटत नाही, नुसता घरंगळतो, तसं. जाळी गरजेपेक्षा बारीक, कुण्या व्यापाऱ्यानं कधीतरी मागितली म्हणून बसवलेली आणि तशीच राहिलेली. बीटर उलटे करून धारदार बाजू पुढं घेतली, जाळी मोठ्या भोकांची लावली, बाहेर चाळणी टाकून जाडं परत आत सोडायची सोय केली, दुहेरी भिंतीतला बंद पडलेला पाण्याचा पाइप मोकळा केला. अँपिअरचा काटा खाली आला. पुडीला हात लावला तर कोमट.

दोन दिवसांनी मालकाचा फोन आला. यंत्र व्यवस्थित होतं. फक्त समोरचा चहावाला येऊन विचारून गेला होता, "काय ओ, गिरणी बंद हाय काय? वास येईना."